कानाची उंची

२ नोव्हेंबर, रविवार

ही वही स्पीकरपुरती आहे. पुढेमागे दुसरी जोडी करायची वेळ आली तर पहिल्या जोडीतले घोळ पुन्हा नकोत, एवढ्यासाठी लिहितोय. घरातल्या भानगडी इथे लिहायच्या नाहीत.

काल सुताराने खोकी आणून दिली. एक काटकोनात नाही. सांगितलं तर म्हणतो, साहेब, आवाज काय चौकोनी असतो का? या माणसाकडे प्रत्येक चुकीवर उत्तर तयार असतं, चूक दुरुस्त करायला मात्र हात मोकळा नसतो. शेवटी मीच रंधा मारला. प्रत्येक खोक्याला पुढून दोन भोकं. खालच्या मोठ्या भोकात वूफर, जाड आवाजाचा. वरच्या लहान भोकात ट्वीटर, बारीक आवाजाचा. आज दुपारी तारा जोडून गाणं लावलं. आवाज आला. आता आवाज काय, दारावरच्या घंटीतूनही येतो. गाणाऱ्याचा गळा एकीकडे आणि ओठ दुसरीकडे, असं काहीतरी होत होतं.

हिला विचारलं, कसं वाटतंय. ड्यूटीवरून आली की ही खिडकीखालच्या गादीवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसते. इस्पितळात दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. तिथूनच म्हणाली, चांगलं वाटतंय की. मग म्हणाली, गाणं जरा बंद करा, मला बोलायचंय.

प्रकरण असं आहे की एका दुसऱ्या गावातल्या मोठ्या इस्पितळाने हिला त्यांच्या नर्सिंगच्या शाळेची मुख्य म्हणून बोलावलंय. जायला अख्खा दिवस लागतो, म्हणजे राहायचं तिकडेच. निदान तीन वर्षं. वीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. तुम्हाला काय वाटतं, म्हणाली. मी म्हटलं, एवढं ट्वीटरचं मार्गी लागू दे, मग निवांत बसून बोलू. ती नाही म्हणणार हे उघडच आहे. या वयात कोण बिऱ्हाड हलवतं? पण आपल्याला बोलावणं आलं याचं अप्रूप तिला वाटणारच, आणि वाटावंही. तीस वर्षं लोकांना सुया टोचल्यात तिने.

घ्या, पहिल्याच पानावर घर शिरलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

डेसिबल येऊन गेले. डेसिबल म्हणजे मागच्या गल्लीतले, टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते कुणाच्या लक्षात नाही. घरात पाऊल टाकलं की आधी टाळी वाजवून खोली किती घुमते ते बघतात, मग चहाला हो म्हणतात. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि निदान केलं: तुमचा ट्वीटर आगाऊ आहे.

म्हणजे असं. वूफरचा शंकू खोल असतो, त्याचा आवाज मागून निघतो. ट्वीटर पार पुढे, फळीच्या तोंडाशी. दोघांना एकाच वेळी हुकूम गेला तरी ट्वीटरचा आवाज इंचभर आधी कानाशी पोचतो. मी म्हटलं, इंचाने काय होतंय? ते म्हणाले, जिन्यावरून पलंग उतरवताना पुढचा एक पायरी आधी उतरला तर मागच्याचं काय होतं? ते पटलं. अगदी जाड आणि अगदी बारीक आवाजात फरक पडत नाही, कारण तिथे दोघांतला एकच बोलत असतो. घोळ होतो तो मधल्या पट्ट्यात, जिथे दोघं मिळून बोलतात. आणि माणसाचं बोलणं नेमकं त्याच पट्ट्यात स्पष्ट होतं.

उपाय सोपा. खोक्याच्या पुढच्या कडेखाली पाचर द्यायची, म्हणजे खोकं मागे रेलतं आणि वरचा ट्वीटर आपसूक मागे सरकतो. डेसिबल त्यांचा मायक्रोफोन आणि लॅपटॉप काही दिवस वापरायला देणार आहेत. देताना चेहरा असा केला की जणू मुलगी देतायत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आधी ऐकायची जागा पक्की केली. हे सगळं वेळेचं गणित एका ठिकाणाहूनच जुळतं, म्हणून ते ठिकाण हलता कामा नये. माझी खुर्ची दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर ठेवली आणि पायांभोवती खडूने खुणा केल्या. मग खुर्चीत बसून जमिनीपासून माझ्या कानापर्यंत माप घेतलं. टेप हिने धरली. म्हणाली, माझ्या कानाचं माप नको का? मी म्हटलं, तू तर खाली बसतेस. तर म्हणाली, तेच म्हणतेय. हिला कधी काय सुचेल सांगता येत नाही.

झाडताना खडूच्या खुणा पुसू नकोस, एवढं बजावून ठेवलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पाचरी कापल्या. पहिल्या जाड झाल्या, दुसऱ्या पातळ, तिसऱ्या बऱ्या. माणसाने एकदा मोजून दोनदा कापलं की असंच होतं.

ही दुपारभर घरी होती. दोनदा येऊन दारात उभी राहिली. काय हवंय विचारलं तर म्हणाली, तुमचं होऊ दे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

स्पीकरचं काम नाही. लॅबमध्ये उशीर झाला. दातांच्या कवळ्या करणाऱ्या माणसाला घरी वेळेवर जाता येत नाही, कारण दात नसलेला माणूस थांबायला तयार नसतो.

कवळी नेलेल्या एक आजीबाई परत आल्या. डावीकडे उंच लागते म्हणतात, तिसऱ्यांदा. साच्यावर ती कवळी अशी चोख बसते की वरचे-खालचे दात मिटल्यावर मध्ये केस जाणार नाही. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. निळा कागद चावायला दिला, जिथे डाग पडला तिथे घासलं. या धंद्यात वाद घालून भागत नाही. साचा टेबलावर राहतो, कवळी माणसाच्या तोंडात राहते. तोंड उंच म्हणालं की उंच. आजीबाई दोनदा दात आपटून बघून म्हणाल्या, आता जेवेन. दिवस सत्कारणी लागला.

१६ नोव्हेंबर, रविवार

जमलं.

कसं जमलं ते लिहून ठेवतो. मायक्रोफोन खुर्चीत माझ्या कानाच्या उंचीवर बांधला. मग ट्वीटरच्या तारा मुद्दाम उलट्या जोडल्या. उलट्या जोडल्या की दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, आणि वेळ अगदी नेमकी जुळलेली असेल तर त्या मधल्या पट्ट्यात एकमेकांना साफ खोडून काढतात. लॅपटॉपवर आवाजाचा जो ग्राफ निघतो त्यात खड्डा पडतो. खड्डा जितका खोल तितकी वेळ नेमकी. पाचरी केसभर पुढे-मागे सरकवत राहिलो आणि साडेअकराच्या सुमाराला असा खड्डा पडला की डेसिबल उठून उभे राहिले. मग तारा सरळ केल्या. रेघ सपाट, दृष्ट लागावी अशी.

गाणं लावलं. गळा आणि ओठ एका माणसाचे झाले. डेसिबलनी डोळे मिटले होते. खरं सांगायचं तर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण मी चष्मा पुसला.

संध्याकाळी ही आल्यावर बातम्या लावल्या. ही आपल्या जागेवर बसून थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘ही बातम्या देणारी बाई पांघरुणातून बोलतेय का?’

मी म्हटलं, ग्राफ बघ. तिने ग्राफ बघितला. म्हणाली, रेघ छान आहे, पण मला बाईचे शब्द पोकळ ऐकू येतात. पहिल्या दिवशी चांगलं होतं. आता पहिल्या दिवशी काय होतं ते माझं मला माहीत आहे. मी म्हटलं, तुझा कान दमलाय, दिवसभर यंत्रांची टीं-टीं ऐकून कुणाचाही दमेल. ती म्हणाली, असेल. मग म्हणाली, वीस तारीख जवळ आली. मी म्हटलं, आज नको, आजचा दिवस चांगला आहे. ती उठून स्वयंपाकघरात गेली. हिचं हे एक बरं आहे, फार ताणत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लेकीचा फोन. तिच्या नवऱ्याला सर्दी, तिच्या ऑफिसात नवा साहेब, वगैरे. मग विचारलं, बाबा, आईशी बोललात का? मी म्हटलं, बोललो, तिला आवाज पोकळ वाटतो, पण मोजमापात तसं काही नाही. लेक म्हणाली, स्पीकरचं नाही विचारत मी. मी म्हटलं, ते होय, ते ठरल्यासारखंच आहे, आई काही कुठे जात नाही. तिने ‘आई असं म्हणाली?’ विचारलं. मी म्हटलं, काही गोष्टी म्हणाव्या लागत नाहीत. तीस वर्षांच्या संसारात एवढं तर कळतं.

जावयाला वाफ घ्यायला सांगितलंय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

खोक्यांना पॉलिशचा पहिला हात दिला. वास डोक्यात चढला.

ही आज इस्त्रीचे कपडे घालून गेली होती, गणवेश पिशवीत. आली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, उत्तर देऊन आले. मी म्हटलं, बरं केलंस. तिने माझ्याकडे बघून ‘खरंच?’ असं विचारलं. मी म्हटलं, खरंच, अगं, केव्हाचं डोक्यावर ओझं होतं ते उतरलं, आता सुखाने राहू. तर हसायलाच लागली. किती तरी दिवसांनी अशी हसली. म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही तोंड फुगवून बसाल. मी कशाला तोंड फुगवू?

जेवताना तिने इस्पितळातल्या दोन-तीन गमती सांगितल्या. मीही कवळीवाल्या आजीबाईंची सांगितली. मजा आली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पॉलिशचा दुसरा हात. ही कालपासून कामं करता करता गुणगुणते आहे. स्पीकरचा परिणाम असणार. घरात चांगला आवाज असला की माणसं बदलतात, असं डेसिबल म्हणालेच होते.

सकाळी मला न सांगता माझा चष्मा धुऊन ठेवला. मी म्हटलं, आज काय विशेष, तर म्हणाली, तुम्ही माणूस तसे चांगले आहात. ‘तसे’चा खुलासा केला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुतार खोक्यांच्या मागच्या पक्क्या फळ्या घेऊन आला, तोवर कामचलाऊ ठोकल्या होत्या. जाताना म्हणाला, साहेब, आता दोन आठवडे मला हाक मारू नका, सिस्टरांचं कपाट घेतलंय. मी विचारलं, कसलं कपाट? तर नट-बोल्टांवर सुटं होणारं, फळ्या-फळ्या करून टेम्पोत आडवं टाकता येईल असं. मी म्हटलं, घरातलं कपाट सुटं कशाला करायचं? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, तिकडच्या क्वार्टरसाठी ना साहेब, सहा तारखेच्या आत हवंय म्हणाल्या.

मी म्हटलं, हो हो, बरोबर. काय बरोबर? पण त्याच्यासमोर आणखी काय म्हणणार होतो? तो गेल्यावर पॉलिशचा बोळा हातात धरून तसाच बसलो. बोळा वाळून दगड झाला.

ही चार वाजता आली. मी विचारलं, तू हो म्हणून आलीस? तिला आधी कळेचना मी काय विचारतोय ते. म्हणाली, तुम्हीच तर बरं केलंस म्हणालात. मी म्हटलं, मला वाटलं तू नाही म्हणून आलीस. मी त्यासाठी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं आणि मी ते बघत बसलो. मला वाटलं आता रडेल किंवा भांडेल. तिने पिशवीतून डबा काढला, घासला, पालथा घातला. मग आपल्या जागेवर जाऊन बसली आणि म्हणाली, लावा तुमच्या बातम्या.

मला फार राग आलाय. मला न विचारता एवढं ठरवलं, याचा. लिहिताना लक्षात येतंय की तिने विचारलं होतं. दोन तारखेच्या पानावर मीच लिहून ठेवलंय. त्यामुळे राग कुणावर काढायचा तेही कळेना. आणि खरं लिहायचं तर रागाच्या खाली भीती आहे. संध्याकाळी दार उघडून आत आलो आणि खिडकीखाली कुणी नाही, असं डोळ्यांसमोर येतंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

घरात कामापुरतं बोलणं. किल्ली कुठाय, दूध संपलं, एवढंच. डॉक्टरीणबाईंनी लॅबमध्ये सांगितलं की मी आज खालची कवळी वरच्या ट्रेमध्ये ठेवली होती.

डेसिबल मायक्रोफोन न्यायला आले. मी म्हटलं, अजून थोडे दिवस असू द्या. कशाला ते मलाही ठाऊक नव्हतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज लॅबला अर्धी सुट्टी घेतली. ही ड्यूटीवर. मागची फळी बसवताना एक नट घरंगळत गेला तो खिडकीखालच्या गादीच्या कडेला. काढायला खाली बसलो. सापडला, पण गुडघा दुखत होता म्हणून लगेच उठलो नाही. भिंतीला टेकलो. बातम्या चालू होत्या.

बाई पांघरुणातून बोलत होती.

आधी वाटलं तार निसटली. उठून खुर्चीत बसलो, तर बाई ठणठणीत. परत खाली आलो, परत पांघरूण. चार-पाच वेळा वर-खाली केलं. कुणी बघितलं असतं तर वेड लागलं म्हटलं असतं. मग मायक्रोफोन खुर्चीवरून सोडवला आणि गादीपाशी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर बांधला. ग्राफ काढला. तारा सरळ होत्या, आणि तरी खड्डा. मधल्या पट्ट्यात, नेमका शब्द जिथे स्पष्ट होतात तिथेच.

गणित काही अवघड नाही. शाळेतल्या पोराचं गणित आहे. मी खोकी मागे रेलवून दोघांची वेळ खुर्चीतल्या कानासाठी जुळवली. खाली बसलेल्या माणसाला वूफर जवळ पडतो आणि ट्वीटर लांब. माझ्यासाठी जेवढं जुळवत गेलो तेवढं तिथे बिघडत गेलं. पहिल्या दिवशी पाचरी नव्हत्या, तेव्हा तिला खरोखरच बरं ऐकू येत होतं. ती दहा दिवस रोज तिथे बसून हे ऐकत होती. एकदा सांगितलं, मी कान दमलाय म्हटलं, तिने असेल म्हटलं आणि ऐकत राहिली.

मला फार वाईट वाटलं. स्पीकरचं म्हणून नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस तिच्या जागेसाठी जुळवतोय. पाचरी पुढून काढून मागे घातल्या. खोकी आता पुढे वाकलीत, खाली कुणाचं काय पडलंय ते बघितल्यासारखी. तारा उलट्या करून खड्डा बघितला, सरळ करून रेघ बघितली. गादीपाशी सपाट झाली. खुर्चीत आता पांघरूण मला.

डेसिबलना हे कळलं तर म्हणाले, अहो, पण मुख्य श्रोता तुम्ही ना? मी म्हटलं, ते कुणी ठरवलं? ते म्हणाले, तुम्हीच.

उद्या तिला सुट्टी आहे. उद्या ऐकवतो. सुतार अजून कपाटाच्या फळ्यांना रंधाच मारतोय, म्हणजे अजून काही कायमचं झालेलं नाही. तिकडच्या लोकांनाही फोन करून सांगता येतं, माणसाचा विचार बदलतो.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी चहा झाल्यावर तिला तिच्या जागेवर बसवलं आणि बातम्या लावल्या. मी बाजूला उभा राहिलो. निकाल ऐकायला उभ्या पोरासारखा.

तिने सगळ्या बातम्या ऐकल्या, पार हवामानापर्यंत. म्हणाली, आता स्वच्छ ऐकू येतंय. अगदी जवळ बसून बोलल्यासारखं. मग वाकलेल्या खोक्यांकडे बघून विचारलं, हे माझ्यासाठी केलंत? मी हो म्हटलं. आणि तू म्हणालीस ते खरं होतं, मी उगाच तुझ्या कानाला बोल लावला, हेही म्हटलं. ती म्हणाली, हं.

मग मी म्हटलं, ‘मग थांबतेस ना?’

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की आपण काहीतरी भलतंच विचारलंय हे मला लगेच कळलं. म्हणाली, ‘अहो, मी स्पीकरमुळे नाही चालले.’

बाकीचं ती जसं बोलली तसं लिहितो. म्हणाली, तुम्ही पहिल्याच दिवशी गाणं बंद करून ऐकलं असतंत, तरी मी गेलेच असते. इथे मी जे करते ते आता माझे हात झोपेतही करतील. तिकडे चाळीस मुली आहेत आणि त्यांना शिकवायला धड कुणी नाही. मला ते करायचंय. तुमच्यावर रुसून नाही चालले. मी म्हटलं, मग माझं काय? ती म्हणाली, तुमचं काय ते आपण मिळून ठरवलं असतं, त्यासाठीच तर विचारत होते.

मग म्हणाली, ‘तुम्ही बरं केलंस म्हणालात ना, ते तीन दिवस मी फार सुखात होते. वाटत होतं, आपल्याला कुणीतरी आनंदाने पाठवतंय.’

बातम्या संपून कसलीशी जाहिरात लागली होती. ती मी बंद केली.

२ डिसेंबर, मंगळवार

लॅबमध्ये हात आपोआप चालले आणि डोकं दुसरीकडे. गुणगुणत होती ते आठवत राहिलं. ते स्पीकरमुळे, असं मी लिहिलंय. खोडलं नाही. राहू दे तसंच.

संध्याकाळी तिला विचारलं, क्वार्टरला खोल्या किती, पाणी कसं आहे, रात्रपाळीच्या मुलींना सोडायला गाडी असते का. तिने आधी तुटक उत्तरं दिली. मग उठून कागद आणला आणि खोल्यांचा नकाशाच काढून दाखवला. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी नाही म्हणते. मी म्हटलं, माप घेऊन कळव, जाळी मी करून आणतो. ती म्हणाली, तुम्ही येणार? मी म्हटलं, जाळी काय टपालाने जाते?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे काम कमी असतं. त्या आठवड्यात जाऊन राहता येईल. विचारून बघतो. आधी हिला विचारलं पाहिजे. विचारलं. बघते म्हणाली, आधी मला रुळू दे. म्हणजे हो नाही, नाहीही नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

कपाट आलं. सुताराने नट मोजून दिले आणि त्यात दोन कमी. सांगितलं तर म्हणतो, चार पायांवर उभं कपाट दोन नटांनी काय पडणार आहे का? मी माझ्या डब्यातले दोन घातले. मग एकदा पूर्ण जोडून, पुन्हा सुटं करून, प्रत्येक फळीवर कुठली कुठे ते पेन्सिलीने लिहून ठेवलं. तिकडे जोडायला मी नसेन. ही शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. एकदा म्हणाली, अक्षर मोठं काढा, मला तिथे चष्मा शोधत बसायला लावाल.

लेकीचा फोन आला तेव्हा ती आईशीच बोलली, बराच वेळ. शेवटी मला दिला. म्हणाली, बाबा, ठीक आहात ना? मी म्हटलं, नाही. पण तिला नीट पाठवणार आहे.

७ डिसेंबर, रविवार

ही आज गेली.

टेम्पो कालच सामान घेऊन गेला. बस सकाळची होती. स्टँडवर लवकर पोचलो, त्यामुळे बोलायला खूप वेळ होता. तिने गॅस, किल्ली, पाण्याची वेळ, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं दोनदा सांगितलं. मी दोनदा ऐकलं. तिच्या इस्पितळातल्या दोन नर्सेस निरोप द्यायला आल्या होत्या, त्या मध्येच रडायला लागल्या, मग तिलाच त्यांची समजूत काढावी लागली.

बस लागली. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली, खिडकीशी. काच अर्धीच सरकत होती. मी हात घालून पूर्ण सरकवली, बोटाला लागलं. ती म्हणाली, दाखवा. मी म्हटलं, काही नाही झालं.

निघणाऱ्या माणसाला ‘जा’ म्हणू नये, ‘ये’ म्हणावं, हे मलाही ठाऊक आहे. पण गेल्या महिन्यात मी तिला नेमकं ‘जा’च म्हणालो नव्हतो. बस सुरू झाल्यावर आवाज फार होता, म्हणून टाचा उंच करून, खिडकीच्या काठाला तोंड नेऊन म्हटलं, ‘जा तू. चांगलं काम मिळालंय, छान कर.’ मागे उभ्या नर्सेसपैकी एकीने जीभ चावली. ही मात्र माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझा लागलेला हात खिडकीच्या काठावरच धरला आणि म्हणाली, ‘येते हं.’

जाताना सगळेच ‘येते’ म्हणतात, त्यात विशेष काही नाही. तरी लिहून ठेवतो.